थंडीतला पाऊस

(पावसाळा संपून दोन महिने झाल्यावर, ऐन थंडीत कधी कधी अचानक पाऊस येतो. हा पाऊस कोठून येतो, त्यामुळे कोणाचे काय नुकसान होते आणि हवामानाचा इशारा नीट का वाचावा, हे या पाठात सांगितले आहे. वाचताना तुमच्या ओळखीचे किती शब्द भेटतात, तेही पाहा.)



आपले पाली गाव रत्नागिरी तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. कोल्हापूरला जाणारा रस्ता येथूनच आंबा घाटाकडे वळतो. डिसेंबर महिन्यातील एखादी सकाळ आठवा. गवतावर दव पडलेले असते. तोंडातून वाफ निघेल एवढी थंडी कोकणात पडत नाही, पण चादर सोडवत नाही. भात झोडून झालेले असते. पेंढा रचून ठेवलेला असतो. रिकाम्या खाचरांत कुळीथ आणि पावटा उगवलेला असतो. हापूसच्या कलमांवर मोहोर दिसू लागतो. तिकडे समुद्रकिनाऱ्यावर मासळी सुकत घातलेली असते. छत्र्या केव्हाच माळ्यावर गेलेल्या असतात.

रत्नागिरीत वर्षभरात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. डिसेंबरच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून लोक निर्धास्त असतात.

आणि एखाद्या वर्षी, नेमके याच दिवसांत, आकाश भरून येते. वारा सुटतो. ऊन दिसेनासे होते. दुपारीही अंगात स्वेटर घालावा लागतो. सर येते, थांबते, पुन्हा येते. अशा पावसाला मराठीत ‘अवकाळी पाऊस’ म्हणतात. काळ म्हणजे वेळ. ज्याची वेळ नाही तो अवकाळी. वर्तमानपत्रात याच पावसाला ‘बेमोसमी पाऊस’ असेही लिहितात. हा शब्द तर तुम्हांला समजावून सांगायलाच नको!

ओखीचे दिवस

४ आणि ५ डिसेंबर २०१७ हे असेच दोन दिवस होते. श्रीलंकेजवळ तयार झालेले एक वादळ कन्याकुमारीला वळसा घालून अरबी समुद्रात शिरले. ३० नोव्हेंबरला त्याचे चक्रीवादळ झाले. बांगलादेशाने सुचविलेले ‘ओखी’ हे नाव त्याला मिळाले. ओखी म्हणजे डोळा. हे वादळ लक्षद्वीप बेटांवरून उत्तरेकडे सरकले आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे निघाले. कोकणात ढगाळ हवा, पावसाच्या सरी आणि उंच लाटा असे चित्र होते. ५ डिसेंबरला मुंबईतील शाळांना सुट्टी द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा महापरिनिर्वाण दिन होता. त्यासाठी दादरला दूरदूरहून आलेल्या लोकांचे पावसाने हाल झाले. त्यांच्या मुक्कामासाठी महापालिकेने शाळा उघडून दिल्या.

गुजरातच्या किनाऱ्याला पोहोचेपर्यंत ओखीचा जोर संपला. असे का झाले? चक्रीवादळाचे अन्न म्हणजे गरम समुद्राची वाफ. समुद्राचे पाणी साधारण २६ ते २७ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असले की वादळाला बळ मिळते. उत्तरेकडे जाताना ओखीला थंड पाणी लागले, कोरडी हवा लागली आणि उंचावरच्या जोरदार वाऱ्यांनी त्याचे ढग विस्कटून टाकले. भुकेलेला प्राणी थकून बसावा तसे ते वादळ विरून गेले.

दोन दिशांचे पाहुणे

थंडीतला प्रत्येक पाऊस चक्रीवादळामुळेच येतो असे नाही. १ आणि २ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस पडला, तेव्हा चक्रीवादळ नव्हते. त्या वेळी दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली, अरबी समुद्रात आपल्या किनाऱ्यासमोर हवेचा दाब कमी झाला होता. जेथे दाब कमी असतो तिकडे चारी बाजूंनी वारे धावतात आणि सोबत समुद्राची वाफ घेऊन येतात. दुसरी गोष्ट म्हणजे पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होणारे हे वारे इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान या देशांवरून हिवाळ्यात उत्तर भारतात येतात. काश्मीरमधला बर्फ आणि पंजाबमधला हिवाळी पाऊस यांच्यामुळेच पडतो. एरवी ते आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. पण कधी त्यांचा प्रभाव दक्षिणेकडे उतरतो. समुद्राची वाफ आणि उत्तरेची थंड हवा यांची गाठ पडली की ढग जमतात आणि गारठलेला पाऊस सुरू होतो.

गारठा का वाटतो?

तुमच्या घरी पाण्याचा माठ असेल. माठातून पाणी झिरपते. त्या पाण्याची वाफ होताना ती माठातील उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी थंड होते. भिजलेल्या माणसाचेही तसेच होते. ओले कपडे, त्यात वारा, आणि ढगांनी अडवलेला सूर्य! अंगातील उष्णता भराभर निघून जाते. म्हणूनच जुलैमध्ये आनंदाने भिजणारी मुले डिसेंबरच्या सरीत कुडकुडतात.

माणूस घरात येऊन अंग पुसतो. मुक्या जनावरांनी काय करावे? २०२१ च्या त्या पावसात पुणे जिल्ह्यात आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मेंढपाळांचे कळप उघड्या रानात उतरले होते. मेंढ्यांची लोकर पाण्याने जड झाली. रात्रभर वारा आणि पाऊस चालू राहिला. गारठ्याने अनेक मेंढ्या दगावल्या. मेंढपाळाचे सगळे भांडवल म्हणजे त्याचा कळप. वर्षांची कमाई त्याच्या डोळ्यांसमोर एका रात्रीत गेली.

हलका पाऊस, जड नुकसान

आता आपल्या कोकणाकडे या. हापूसच्या मोहोराला कोरडी, थंड आणि स्वच्छ हवा लागते. त्या वेळी पाऊस पडला तर फुलांतील पराग धुऊन जातात. त्याहून वाईट असते ती नंतरची ढगाळ, दमट हवा. तुडतुडे नावाचे बारीक किडे मोहोरातील रस शोषतात. भुरी आणि करपा हे रोग पसरतात. जमिनीत ओल राहिली तर झाडाला मोहोराऐवजी पालवीच फुटते. काजूच्या मोहोरालाही अशी हवा मानवत नाही. बागायतदार पुन्हा औषध फवारतो. खर्च वाढतो आणि आंबा बाजारात जायला उशीर होतो. किनाऱ्यावर वाळत घातलेली मासळी भिजली तर तिला वास येतो, आणि ती विकणाऱ्या बाईचे पैसे बुडतात.

अशा नुकसानीसाठी आंबा आणि काजू यांना हवामानावर आधारित फळपीक विमा असतो. त्यात अवेळी पाऊस, तापमान, जोराचा वारा यांचा विचार केला जातो. मंडळातील हवामान केंद्राने किती मिलिमीटर पाऊस नोंदला, यावर भरपाई अवलंबून असते. म्हणून मिलिमीटर म्हणजे काय, हे समजून घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पसरले तर त्याची उंची एक मिलिमीटर होते. तुमचा वर्ग सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असेल, तर त्याच्या छपराचे क्षेत्रफळ तीस चौरस मीटर झाले. त्यावर ६५ मिलिमीटर पाऊस पडला तर १९५० लिटर पाणी पडले!

समुद्रावर काय झाले?

ओखी वादळाची खरी गोष्ट मात्र जमिनीवर घडली नाही, ती समुद्रावर घडली. केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन कित्येक दिवस खोल समुद्रात राहतात. वादळाचा इशारा निघाला तेव्हा अनेक जण आधीच दूर गेले होते. तेथपर्यंत बातमी पोहोचली नाही. शेकडो मच्छीमार परत आले नाहीत.

ज्यांना किनारा गाठता आला, ते वाचले. २ डिसेंबर २०१७ रोजी बातमी आली, की ६८ होड्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या आहेत. त्यांतील ६६ केरळच्या होत्या आणि दोन तमिळनाडूच्या. त्यांत ९५२ माणसे होती. त्यांनी देवगड बंदराचा आश्रय घेतला होता. पाहुण्यांची भाषा मल्याळम आणि तमिळ, यजमानांची मराठी. तरीही त्यांच्या जेवणाची व राहण्याची सोय झाली. भुकेला आणि थंडीला भाषा लागत नाही. पण संकट येण्याआधी जी सूचना द्यायची असते, तिला मात्र भाषा लागते.

आपल्या रत्नागिरीलाही हा अनुभव आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले. तेव्हा आपल्या जिल्ह्यातील मच्छीमारांचेही प्राण गेले. त्या दिवसांची आठवण मिरकरवाड्यात आजही काढली जाते.

शब्दांची गंमत, शब्दांचा धोका

मित्रांनो, मराठीतील समुद्राचे आणि हवेचे कितीतरी शब्द तुमच्या घरचेच आहेत. अरब खलाशी पावसाच्या वाऱ्यांना ‘मौसिम’ म्हणत. त्यावरून मराठीत ‘मोसमी वारे’ झाले आणि इंग्रजीत ‘मान्सून’. हवा, तुफान, किनारा, बंदर, जहाज, खलाशी, अंदाज, नुकसान हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. उर्दूतील ‘नाखुदा’ म्हणजेच मराठीतील ‘नाखवा’. वादळांना नावे देणाऱ्या देशांत पाकिस्तानही आहे. नीलोफर, तितली, बुलबुल, गुलाब ही नावे त्याने दिलेली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ वादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आले. त्याचा उरलेला भाग महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात गेला, तेथे पुन्हा जोर धरून कतारने दिलेल्या नावाने ‘शाहीन’ झाला आणि ओमानला धडकला. गुलाबाचा असा ससाणा झाला!

पण ओळखीचे दिसणारे काही शब्द फसवतात. ते लक्षात ठेवा.

उर्दूत ‘इशारा’ म्हणजे खूण, संकेत. मराठीत ‘वादळाचा इशारा’ म्हणजे वादळाची ताकीद. उर्दूत ‘दरिया’ म्हणजे सहसा नदी. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘वादळ’ हा शब्द ऐकून ‘बादल’ आठवतो. पण बादल म्हणजे ढग, आणि वादळ म्हणजे तुफान!

सर्वांत फसवा शब्द दोन अक्षरांचा आहे. तो म्हणजे ‘नये’.

समजा, एका संध्याकाळी तुम्ही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पुढील सूचना वाचली :

‘येत्या २४ तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस पडण्याची शक्यता. किनाऱ्यालगत ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील. समुद्र खवळलेला राहील. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.’

तुम्ही घरी आलात. दादी विचारते, ‘‘काय लिहिले आहे रे, बेटा?’’ मामा बंदरावर असतात आणि पहाटे होडी घेऊन निघणार आहेत. तुम्ही शेवटचे वाक्य कसे सांगाल? उर्दूत ‘नये’ म्हणजे नवीन. मराठीत ‘जाऊ नये’ म्हणजे ‘नहीं जाना चाहिए’. हे दोन अक्षरी टोक सुटले तर वाक्याचा अर्थ उलटा होतो. परीक्षेत त्याने एक गुण जाईल. बंदरावर किती जाईल, याचा विचार करा.

आता उरलेली सूचना वाचू. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यात थोड्याच, साधारण एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणी. त्यानंतर ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि ‘बहुतेक ठिकाणी’ अशी ती चढत जाते. ‘हलका’ पाऊस म्हणजे दिवसाला सुमारे १५ मिलिमीटरपर्यंत. ‘मध्यम’ म्हणजे सुमारे ६४ पर्यंत. त्यापुढचा ‘जोरदार’. पण हे मोजमाप पाण्याचे आहे, नुकसानीचे नाही. सूचनेतला हलका पाऊस मोहोरलेल्या कलमाला हलका नसतो. गारठलेल्या मेंढीला तर मुळीच नसतो. म्हणून सूचना ज्याला सांगायची त्याचे काम काय, हे ओळखून सांगा. आंबेवाल्याला पाऊस सांगा, नाखव्याला वारा सांगा, मासळी वाळत घालणाऱ्या मावशीला दोन्ही सांगा.

बंदरावर वादळाची सूचना देण्यासाठी १ ते ११ क्रमांकांचे बावटे असतात. दिवसा विशिष्ट आकार उंच टांगतात, रात्री दिवे लावतात. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदराजवळ सोसाट्याचे वारे येण्याचा इशारा. हवामान खात्याचे रंगही तुम्ही ऐकले असतील. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने कृती करा. आज हे इशारे मोबाईलवर मराठीत येतात. खोल समुद्रातील होड्यांवर उपग्रहाशी जोडलेली संदेशयंत्रेही बसवली जात आहेत. ओखीच्या वेळी जे अंतर बातमीला ओलांडता आले नाही, ते आता यंत्र ओलांडू शकते.

पण यंत्र घरापर्यंत संदेश आणते, कानापर्यंत नाही. मोबाईलवर आलेली ओळ कोणीतरी वाचावी लागते, समजून घ्यावी लागते आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्या भाषेत सांगावी लागते. तुमच्या घरात उर्दू जाणणारी माणसे आहेत, बोली बोलणारी माणसे आहेत. मराठी वाचणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल.

थंडीतला पाऊस आपल्याला थांबवता येत नाही. पुढच्या एखाद्या डिसेंबरात आकाश पुन्हा भरून येईल. तेव्हा दादी विचारेल, ‘‘काय लिहिले आहे, बेटा?’’ त्या वेळी नीट वाचा, आणि शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

शब्दार्थ

निर्धास्त – बेफिकीर
गारठा – ओली, बोचरी थंडी
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
मोहोर – आंबा, काजू यांचा फुलोरा (उर्दू : बौर)
पालवी – नवी कोवळी पाने
दगावणे – मरणे
बागायतदार – फळबागेचा मालक
खवळणे – रागावणे. (समुद्राला) मोठ्या लाटा येणे
बावटा – निशाण, झेंडा
सोसाट्याचा वारा – फार जोराचा वारा

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अवकाळी पाऊस कशाला म्हणतात?
(आ) ‘ओखी’ हे नाव कोणत्या देशाने सुचविले?
(इ) सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला किती होड्या सुखरूप लागल्या?
(ई) तीन नंबरचा बावटा काय सुचवितो?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) ओखी वादळाचा जोर गुजरातजवळ संपला.
(आ) डिसेंबरच्या पावसात भिजल्यावर जास्त थंडी वाजते.
(इ) हलक्या पावसानेही आंब्याचे मोठे नुकसान होते.

प्रश्न ३. पुढील वाक्यांतील फरक उर्दूत सांगा.
(अ) समुद्रात जावे. – समुद्रात जाऊ नये.
(आ) झाडाखाली थांबावे. – झाडाखाली थांबू नये.
यांपैकी विजा चमकत असताना कोणते वाक्य योग्य आहे, ते लिहा.

प्रश्न ४. पुढील शब्दांचे मराठीतील व उर्दूतील अर्थ समोरासमोर लिहा.
इशारा, दर्या – दरिया, नये, वादळ – बादल

प्रश्न ५. पाठात दिलेली फळ्यावरची सूचना आपल्या दादीला किंवा नानीला सांगायची आहे. ती घरी बोलता त्या भाषेत पाच वाक्यांत सांगा.

उपक्रम : सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा शाळेच्या मोकळ्या अंगणात ठेवा. पाऊस पडल्यावर रोज सकाळी साडेआठ वाजता आतील पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा व वहीत तारखेसह लिहा. हवामान केंद्रातही पावसाची नोंद याच वेळी घेतात. आपली नोंद वर्तमानपत्रातील आकड्याशी ताडून पाहा.